हजेरीच्या पानावरचं नाव

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या भगिनी चौतीस वर्षांच्या, जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या. सासरचा जिनिंग-प्रेसिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा, कारखाना आहे. बी.कॉम. झालेल्या म्हणून लग्नानंतर हिशोबाच्या आणि हजेरीच्या वह्या त्यांच्याकडे आल्या. २०२५ च्या जानेवारीत, ऐन हंगामात, रात्रपाळीला चालू पट्ट्यात अडकलेला कापूस काढताना एक मजूर ओढला गेला आणि जागच्या जागी गेला. वय ३५, राहणार नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडचा, मुकादमाने आणलेल्या टोळीतला, रोज ५०० रुपये. मागे बायको, दोन लहान मुलं आणि विधवा आई. सासऱ्यांनी आठवड्याभरात दोन लाख रुपये दिले आणि ‘आता आमची काही तक्रार नाही’ अशा मजकुराच्या पाचशेच्या स्टँपपेपरवर त्या बाईचा अंगठा घेतला. आता तिने नंदुरबारला दावा लावला आहे आणि नोटीस आली आहे. वकील म्हणतात, ‘हा आमचा माणूसच नव्हता’ असं उत्तर देऊ, तेवढी जानेवारीची हजेरी नव्याने लिहून ठेवा. सासरे म्हणतात, ‘यामा आपला काय दोष शे?’ नवरा म्हणतो, मशीन बंद न करता हात घातला ही त्याचीच चूक. शिवाय तो प्यायलेला होता असं टोळीतलेच सांगतात. पत्राच्या शेवटी ताईंनी विचारलं आहे : ‘आम्ही मदत केली नाही असं नाही. पण अजून किती मदत करायची असते? आणि ती वही मी बदलू का?’

ताई,

आधी वहीचं बोलू. बाकी सगळ्याला थोडा अवधी आहे, वहीला नाही. आणि पेन तुमच्या हातात आहे. जानेवारीची हजेरी नव्याने लिहू नका. त्यातली एक ओळसुद्धा नाही.

न्यायालयापुढे ठेवण्यासाठी खोटा पुरावा तयार करणं हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कारखाना सासऱ्यांच्या नावावर असेल, पण अक्षर तुमचं असेल. वकिलांनी हे तोंडी सांगितलं आहे ना? मग नम्रपणे म्हणा, ‘साहेब, एवढं कागदावर लिहून द्या.’ ते लिहून देणार नाहीत. त्यानंतर काय करायचं ते तुम्हाला कुणी सांगायची गरज राहणार नाही.

आणि वही बदलून साधणार तरी काय? अपघाताच्या रात्री पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. पंचनामा तुमच्याच कारखान्यात झाला. शवविच्छेदनाच्या कागदावर कोणत्या ठिकाणाहून प्रेत आणलं ते लिहिलेलं आहे. मुकादमाचा जबाब आहे, त्याची उचल लिहायची छोटी वही आहे, त्याला दर आठवड्याला फोनवरून पाठवलेले पैसे आहेत. या सगळ्यावर तो स्टँपपेपर आहे, तुमच्याच घराने करून घेतलेला. जो आपला माणूसच नव्हता त्याच्या बायकोला तुम्ही दोन लाख कशासाठी दिलेत, हा प्रश्न समोरच्या बाजूचा नवशिका वकीलही विचारेल.

आता दोषाचं. ‘यामा आपला काय दोष शे?’ हा प्रश्न तुमच्या सासऱ्यांनी, नानांनी, मनापासून विचारला असणार, आणि मला तो निर्दयपणाचा वाटत नाही. आपल्या डोळ्यांपुढे माणूस गेला की घरातला प्रत्येक जण आधी स्वतःला सोडवून घेतो. पण कायदा हा प्रश्न विचारतच नाही. १९२३ साली जो कामगार नुकसानभरपाई कायदा झाला (पुढे त्याचं नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झालं), त्याचा पायाच हा आहे. त्याआधी मेलेल्या मजुराच्या बायकोला दिवाणी न्यायालयात मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. मालक म्हणे, चूक शेजारच्या मजुराची; किंवा म्हणे, धोका त्याला ठाऊक होता, तरी तो कामावर आला. बाई हात हलवत परत जाई. नव्या कायद्याने सांगितलं की अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला एवढं दिसलं की पुरे. पट्टा तुटला तर नवा पट्टा धंद्याच्या खर्चातून येतो. त्या पट्ट्यात माणूस गेला तर त्याचा भारही धंद्यानेच उचलायचा.

दारूचं आणि मशीन बंद न करण्याचंही यातच येतं. मजूर नशेत होता, त्याने मुद्दाम नियम मोडला, संरक्षक जाळी स्वतः काढली, या सबबी कायद्यात आहेत. पण साध्या दुखापतीसाठी. मृत्यू झाला असेल किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला असेल, तर त्या चालत नाहीत. तेव्हा तो प्यायला होता की नव्हता यावर साक्षीदार गोळा करण्यात तुमच्या यजमानांनी वेळ घालवू नये. एका मेलेल्या माणसाचं नाव खराब होईल, देणं एका रुपयाने कमी होणार नाही.

तरीही मी तुम्हाला एक विचारते, खटल्यासाठी नाही, तुमच्यासाठी. त्या पट्ट्याला जाळी होती का? कापूस अडकल्यावर पट्टा बंद करायचा अधिकार त्या मजुराला होता का, की पट्टा थांबला म्हणून मुकादम ओरडला असता? टोळीला पैसे रोजाने होते, पण मुकादमाशी बोली गाठींवर होती असं तुम्हीच पत्रात ओझरतं लिहिलं आहे. बोली गाठींवर असते तिथे रात्री दोन वाजता मशीन बंद करणं कुणालाच परवडत नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने फिरत्या यंत्राला कुंपण घालायला सांगितलं, आणि चालू यंत्राजवळचं काम फक्त खास शिकवलेल्या, अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या माणसालाच द्यावं असंही सांगितलं. जानेवारीतल्या रात्री सातपुड्यातून आलेला तो माणूस शाल गुंडाळून काम करत असेल. हे मी दोष द्यायला लिहीत नाही. पुढच्या हंगामात त्याच पट्ट्याजवळ दुसरा कुणीतरी उभा राहणार आहे, म्हणून लिहिते.

‘मुकादमाचा माणूस’ ही दुसरी समजूत. आपल्याकडे जिन असो, डाळमिल असो, केळीची गाडी भरणं असो, सगळीकडे हेच वाक्य ऐकू येतं. नुकसानभरपाई कायद्याचं कलम १२ नेमकं याच वाक्यासाठी आहे. जे काम मालकाच्या नेहमीच्या धंद्याचा भाग आहे ते त्याने ठेकेदाराकडून करून घेतलं, आणि अपघात त्याच्या आवारात झाला, तर भरपाईसाठी तो मजूर त्याचाच समजला जातो. जिनिंगच्या कारखान्यात कापूस पुढे सरकवणं हे नेहमीचं काम नाही तर काय आहे? रोजंदारीचा होता, हंगामी होता, यानेही फरक पडत नाही; ‘तात्पुरत्या स्वरूपाच्या’ मजुरांना वगळणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीने काढून टाकले आहेत. दिलेली रक्कम मुकादमाकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे. पण ज्याच्याकडे एक जुनी मोटारसायकल आणि आठ जणांचं कुटुंब आहे त्याच्याकडून काय वसूल होणार ते नानांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

कुणी सांगेल की हे सगळं ईएसआयचं काम आहे, तिकडे पाठवा. साधारणपणे हे खरं आहे. जिथे राज्य कामगार विमा लागू आहे आणि पगार महिना २१,००० पर्यंत आहे, तिथे मजुराच्या घरच्यांना विम्यातून दरमहा अवलंबितांचा लाभ मिळतो आणि मालकावर नुकसानभरपाईचा वेगळा दावा लावता येत नाही. पण फक्त जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना त्या कायद्यात हंगामी कारखाना धरला जातो आणि हंगामी कारखाने त्या विम्याच्या बाहेर आहेत. म्हणजे तुमच्या धंद्यात ही ढाल मुळातच नाही. इतर धंद्यातल्या वाचकांनी मात्र आधी हे तपासावं.

राहिला स्टँपपेपर. ताई, त्या कागदाला किंमत नाही. कलम १७ म्हणतं की भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा कोणताही करार रद्दबातल आहे. सरपंचाची साक्ष असली तरी. त्याहून महत्त्वाचं कलम ८ आहे, आणि ते आपल्याकडच्या बहुतेक मालकांना ठाऊक नसतं. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई थेट बायकोच्या हातात द्यायचीच नसते. ती नुकसानभरपाई आयुक्ताकडे जमा करावी लागते, तशी जमा केली तरच ती भरपाई म्हणून धरली जाते. (नाव आयुक्त, पण काम न्यायाधीशाचं.) थेट दिलेल्या पैशांपैकी जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मजुरीएवढी आगाऊ रक्कम वजा करून मिळू शकते. तुमच्या दोन लाखांपैकी ती ३९,००० रुपयांच्या आसपास होईल. उरलेले पैसे कायद्याच्या लेखी तुमच्या घराने आपखुशीने दिलेले.

हे वाचून नाना चिडतील. ‘म्हणजे दिलं ते पाण्यात गेलं?’ पण हा नियम का केला असेल ते बघा. दारात प्रेत आहे, बाई लांबून आलेली आहे, परत जायला गाडीभाडं नाही. त्या घटकेला कोणताही आकडा मोठा वाटतो. त्या आकड्यावर घेतलेला अंगठा कायदा मानत नाही. आणि तुमच्या घरात जी दुसरी भीती बोलून दाखवली गेली, की ‘तिचा भाऊ सगळे पैसे खाऊन टाकेल’, तिचंही उत्तर याच व्यवस्थेत आहे. आयुक्त पैसे वाटून देतात. बायकोचा हिस्सा, मुलांचा हिस्सा, आईचा हिस्सा वेगळा ठरतो, लहान मुलांची रक्कम त्यांच्या नावाने गुंतवली जाते. त्या मुलांची इतकी काळजी असेल तर पैसे तिथेच भरायला हवेत.

आता तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी थांबते. मदत. तुम्ही तो पत्रात अकरा वेळा वापरला आहे.

मी लहान असताना आमच्या गल्लीत एक काका होते. तेलघाणीत कामाला. त्यांचा उजवा हात कोपरापासून गेला. मालकाने दवाखान्याचा खर्च केला आणि काकूंना शिवणयंत्र घेऊन दिलं. त्या मालकाचं गावात इतकं नाव झालं की वर्षानुवर्षं लोक उदाहरण देत. काकू दर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) त्यांच्या घरी पुरणपोळ्यांचा डबा पोहोचवायच्या, कृतज्ञतेने. मी वाढले, कायदा शिकले, आणि एके दिवशी सहज काकांच्या वयाचा आणि मजुरीचा हिशोब मांडला. ते शिवणयंत्र त्या हिशोबाच्या कोपऱ्यातही बसत नव्हतं. तो मालक वाईट माणूस नव्हता, त्याने खरंच मनापासून दिलं होतं. पण तो देणेकरी होता, आणि सगळ्या गावाने मिळून त्याला दाता केलं होतं. काकूंनी आयुष्यभर स्वतःच्याच पैशांसाठी त्याचे आभार मानले. मला त्या डब्याची अजून आठवण येते आणि पोटात तुटतं.

म्हणून ‘किती मदत करायची असते’ याचं उत्तर मी देऊ शकत नाही. किती देणं आहे ते सांगू शकते, कारण त्याचं कोष्टक छापलेलं आहे.

मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम घ्यायची आणि तिला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं. महिन्याची मजुरी जास्तीत जास्त १५,००० धरली जाते. ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची आहे, त्याआधी ८,००० होती. येणारा आकडा १,२०,००० पेक्षा कमी असला तर १,२०,००० तरी द्यावेच लागतात. ५०० रुपये रोज आणि २६ दिवस धरले तर महिना १३,०००. निम्मे ६,५००. पस्तीस वर्षांना गुणक १९७.०६. म्हणजे १२,८०,८९० रुपये. शिवाय अंत्यविधीसाठी किमान ५,०००. वय जसं कमी तसा गुणक मोठा, कारण पुढचं कमावतं आयुष्य मोठं असतं : पंचवीस वर्षांच्या माणसाला २१६.९१, चाळीस वर्षांच्याला १८४.१७. वयाचा पुरावा आणि मजुरीचा पुरावा यांना या खटल्यात इतकं महत्त्व का असतं ते यावरून कळेल.

हा आकडा उद्या ठरणार नाही, तो त्या रात्रीच ठरला. ओडिशात एका चित्रपटगृहाचं नक्षीकाम करताना पडून एका सुताराचा डावा हात गेला होता. मालक म्हणाला, आयुक्ताने रक्कम ठरवल्याशिवाय माझ्यावर देणंच येत नाही. प्रतापनारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली ते फेटाळलं : देणं अपघाताच्या क्षणी उभं राहतं. महिन्याभरात दिलं नाही तर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज. तुमच्या रकमेवर ते वर्षाला दीड लाखाच्या वर जातं, आणि एक वर्ष तर होऊनही गेलं. उशिराला पटेल असं कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड वेगळा. दंड विमा कंपनीही भरत नाही.

या आकड्यांवर तुमच्यापुढचे रस्ते ठेवून बघा. वकिलांचा रस्ता म्हणजे नाकारायचं आणि लांबवायचं. समजा चार वर्षं लांबवलं. व्याज सहा लाखांच्या पुढे, दंड पूर्ण लागला तर ६,४०,४४५, मूळ रकमेसह मिळून पंचवीस लाखांच्या वर. वरच्या न्यायालयात जायचं म्हटलं तरी मालकाला आधी रक्कम भरून तसा दाखला जोडावा लागतो. म्हणजे लांबवण्याचा रस्ता धंद्याच्या दृष्टीनेही महाग आहे, आणि त्यात तुमच्या हातून गुन्हा घडणार आहे तो वेगळाच.

दुसरा रस्ता नातेवाइकांपैकी कुणी सुचवला आहे : तिला गाठून अजून दोन-तीन लाख द्या आणि दावा मागे घ्यायला लावा. यात पुन्हा तोच अंगठा, तीच चूक. तडजोड करायचीच असेल तर ती आयुक्तापुढे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात.

मला जो रस्ता दिसतो तो असा. देणं मान्य करा. मजुरीचा आकडा किंवा वय याबद्दल खरोखर वाद असेल तर तो मांडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण जेवढं तुम्हाला स्वतःला मान्य आहे तेवढं लगेच जमा करा. कायदाच तसं सांगतो : वाद असला तरी मान्य असलेल्या भागाची रक्कम आधी भरायची. भरलेल्या रकमेवर पुढचं व्याज चढायचा प्रश्न राहत नाही आणि दंडाचा विचार करताना आयुक्त तुमचं वागणं बघतात. त्याआधी कारखान्याच्या विम्याचे कागद काढा. बँकेच्या सी.सी. (कॅश क्रेडिट) कर्जासाठी रुईच्या गाठींचा आणि मशीनचा विमा तुम्ही काढलेलाच असेल. त्यातच किंवा शेजारच्या फाइलीत ‘वर्कमेन कॉम्पेन्सेशन’ नावाची पॉलिसी आहे का बघा. असेल तर त्यात ठेकेदाराची माणसं धरली आहेत का, व्याज धरलं आहे का, हे वाचा आणि विमा कंपनीला आजच लेखी कळवा. नसेल तर हा पैसा कारखान्याला उभा करावा लागेल. कसा, हे मी इथून सांगू शकत नाही. भागीदारांची पुंजी, कर्ज, एखादा प्लॉट, हे तुमचं तुम्हाला ठाऊक. कठीण आहे हे मला कळतं. कापसाच्या भावाचं काय झालंय तेही मी पाहते आहे.

आणखी एक विचारून घ्या. मृत्यूनंतर सात दिवसांत आयुक्ताला, आणि कारखाना अधिनियमाखाली औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला लगेच, कळवलं होतं का? कळवलं नसेल तर नव्या वकिलाला ते पहिल्याच भेटीत सांगा, लपवू नका. ‘नव्या’ असं मी जाणूनबुजून लिहिलं आहे.

घरात कसं बोलायचं हा तुमचा खरा पेच आहे असं मला पत्र वाचताना वाटलं. नानांना कलमं सांगू नका. त्यांना सालदाराची, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याची, आठवण द्या. तुमच्याकडे शेती आहे, नानांनी उभ्या आयुष्यात सालदार ठेवले आहेत. आखाजीला जुन्या सालदाराचा हिशोब होतो. तो भांडून गेला असो, मधेच आजारी पडला असो, बैलाचा पाय त्याच्या हातून मोडला असो. जेवढं निघतं तेवढं त्याच्या हातावर ठेवल्याशिवाय नवा सालदार धरायला खानदेशातल्या जुन्या शेतकऱ्याचं मन घेत नाही. त्या पैशांना कधी कुणी मदत म्हटलं आहे का? हा धडगावचा माणूस हिशोब न होता गेला आहे. नाना हे समजतील असं मला वाटतं. ज्या माणसाने आठवड्याच्या आत, कुणी न मागता, दोन लाख काढून दिले, तो देणं बुडवणारा माणूस नाही. त्याला कुणीतरी ते देणं आहे असं सांगायला हवं होतं.

यजमानांशी मात्र आकड्यांनी बोला. एका कागदावर आजची रक्कम आणि चार वर्षांनंतरची रक्कम शेजारी शेजारी लिहून त्यांच्यापुढे ठेवा. आणि वहीबद्दल घरात एकदाच, शांतपणे, स्पष्ट सांगा : मी हे करणार नाही. यावर घरात काही दिवस अबोला राहील. तुम्ही लिहिलं आहे की त्या बाईचं धाकटं मूल तुमच्या मांडीवर झोपलं होतं, ती स्टँपपेपरवर अंगठा देत असताना. हे तुम्ही घरात कुणाला सांगितलेलं नाही असंही लिहिलं आहे. मला वाटतं सांगा.

हे पत्र छापायचं ठरवलं ते आणखी दोन प्रकारच्या वाचकांसाठी.

ज्यांच्या घरचा माणूस कामावर गेला आणि परत आला नाही, त्यांनी मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत दावा लावावा. उशीर झालाच तर सबळ कारण दाखवून माफ होऊ शकतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. दावा लावायला मालकाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. आपण राहतो त्या भागातल्या आयुक्ताकडे तो लावता येतो, म्हणूनच या ताईंना नोटीस नंदुरबारहून आली. अकस्मात मृत्यूच्या नोंदीची प्रत, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा आणि मजुरीचा जो सापडेल तो पुरावा जपा. मुकादमाच्या वहीतल्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटोसुद्धा उपयोगी पडतो. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. कुणी थोडे पैसे देऊन अंगठा मागत असेल तर पैसे घ्यायला हरकत नाही, पण दावा लावायचा राहू देऊ नका.

आणि जे मजूर लावतात ते. यात शेतकरीही आले. ट्रॅक्टर, मळणी यंत्र, विजेवर चालणारी यंत्रं यांनी होणाऱ्या शेतीतले मजूर या कायद्यात येतात, कूपनलिकेच्या कामावरचेही येतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. या ताईंचा अपघात त्याआधीचा, म्हणून मी जुन्या कायद्याने हिशोब मांडला. त्या तारखेनंतरच्या अपघातांना संहिता लागेल. आयुक्ताच्या जागी तिथे सक्षम प्राधिकारी आहे, पण देण्याचा गाभा तोच आहे. एक भर मात्र मोठी आहे. घरून कामावर येताना किंवा परत जाताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, कामावरचाच धरला जाईल. टेम्पोत वीस बाया उभ्या करून निंदणीला नेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. माणसांचा विमा काढा, ठेकेदाराची माणसं त्यात नावानिशी घाला, आणि मजुराला कामावर घेतानाच त्याच्या भाषेत सांगा की अपघात झाला तर त्याचा हक्क काय आहे. हे सांगणं २०१७ च्या दुरुस्तीपासून मालकाचं कर्तव्य आहे आणि जुन्या कायद्यात न सांगितल्यास दंड ५०,००० रुपयांपासून सुरू होत असे.

ताई, पत्राबरोबर तुम्ही हजेरीच्या त्या पानाचा फोटो पाठवला आहे. तो मी छापत नाही. पानाच्या दोन झेरॉक्स काढा, एक नव्या वकिलाकडे द्या, एक तुमच्या कपाटात ठेवा. सोळा तारखेपर्यंत त्याच्या नावापुढे तुमच्या हाताच्या खुणा आहेत, सतरापासून रकाना कोरा आहे. तसाच राहू द्या.